मध्यंतराचा जमाखर्च

२०२३ हे वर्ष हिंदी चित्रपटांच्या पुनरागमनाचे वर्ष म्हणून नोंदले जाईल, असे जाणकार सांगतात. जानेवारीत ‘पठाण’, ऑगस्टमध्ये ‘गदर २’, सप्टेंबरात ‘जवान’ आणि डिसेंबरात ‘अ‍ॅनिमल’ यांनी महासाथीत ओस पडलेली चित्रपटगृहे पुन्हा भरली, हे मलाही मान्य आहे. आमच्या घरात मात्र चित्रपटांचे ते वर्ष यांपैकी एकही प्रदर्शित होण्यापूर्वीच, ३ जानेवारीला सुरू झाले. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणण्यास मनाई करण्याचा हक्क चित्रपटगृहाच्या मालकाला आहे, असा निर्णय त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दिला. प्रेक्षक जिलेबी खाऊन चिकट हात खुर्चीला पुसू लागला तर सफाईचा खर्च कोणी करायचा, असा प्रश्नही सुनावणीत सरन्यायाधीशांनी विचारला.

आत्याने ती बातमी दोनदा वाचली. चित्रपटगृहात जिलेबी कोण नेतो, हा तिचा पहिला आक्षेप होता. चिवडा, शंकरपाळे, भडंग असे हाताला न चिकटणारे पदार्थ नेण्याची आपल्याकडची रीत न्यायालयापुढे कोणी मांडलीच नाही, हा दुसरा. २०१८ साली नागपूरच्या अधिवेशनात मंत्र्यांनी बाहेरचे पदार्थ नेता येतील असे जाहीर केले, तेव्हा याच आत्याने आनंदाने चकल्या तळल्या होत्या आणि त्या दारातच अडवल्या गेल्या होत्या, त्यामुळे तिचा कायदेमंडळावरचा विश्वास आधीच उडालेला होता. आता न्यायसंस्थेवरचाही उडाला. लहान बाळाचे खाणे आणण्यास हरकत नाही आणि पिण्याचे पाणी फुकट द्यावे लागेल, एवढ्या दोनच गोष्टी तिला निकालात आशादायक वाटल्या. त्यांपैकी बाळाची सोय आमच्याकडे नव्हती.

तेव्हापासून प्रत्येक चित्रपट माझ्या लेखी दाराशी होणाऱ्या झडतीपासून सुरू होऊ लागला. तिथे एक टेबल असते, टेबलावर बेवारस पाण्याच्या बाटल्या असतात आणि टेबलामागे उभ्या असलेल्या बाई पर्सची चेन उघडून आत छोटा टॉर्च मारतात. आत्याच्या पर्समध्ये टॉर्चचा झोत पडला की आधी रुमाल, मग जपमाळ, मग औषधांची पिशवी आणि त्या पिशवीच्या तळाशी आलेपाकाच्या वड्या दिसत.

“आजी, हे आत नाही चालत.”

“अगं बाळे, खोकल्याचं औषध आहे ते. तुला देऊ का एक? तुझाही आवाज बसलेला दिसतोय.”

त्या बाईंनी इकडेतिकडे पाहून वडी तोंडात टाकली आणि आम्ही आत गेलो. मराठी चित्रपटाच्या एका खेळाला तर झडतीच बारगळली. ३० जूनला ‘बाईपण भारी देवा’ आला आणि मंगळागौरीच्या त्या सहा बहिणींना भेटायला बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून घोळक्याघोळक्याने येऊ लागल्या. आमच्या खेळाला इतके बटवे एकदम दारात आले की टॉर्चवाल्या बाईंनी हात टेकले. मध्यंतरात मागच्या रांगेतून सुरळीच्या वड्या फिरत आमच्यापर्यंत आल्या, पाठोपाठ वाटीही आली आणि वाटी परत पाठवा, अशी ताकीदही आली. वर्षातला तेवढाच चित्रपट मी भरल्या पोटी आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, त्यामुळे त्याविषयीच्या माझ्या मताला थोडी किंमत आहे.

इतर चित्रपटांची ती गत नाही. इंग्रजी चित्रपट काढणारे मध्यंतर गृहीत धरत नाहीत. ते आपल्याकडे मागाहून, मनाला येईल तिथे कापून घातले जाते. जुलैत ‘ओपनहायमर’ हा तीन तासांचा चित्रपट एका गंभीर संभाषणात थांबला आणि मला पॉपकॉर्नच्या रांगेत धाडण्यात आले. याच महिन्यात जीएसटी परिषदेने चित्रपटगृहातील खाद्यपदार्थांवर ५ टक्केच कर लागेल असा खुलासा केला होता. त्या आधारावर मी काउंटरवरच्या मुलाकडे चौकशी केली. त्याने सौजन्याने ऐकून घेतले आणि आणखी साठ रुपये घातले तर मोठी बादली मिळेल असे सुचवले. बादली घेऊन परतलो तेव्हा रंगीत सोडून गेलेला चित्रपट कृष्णधवल झालेला होता. असे का झाले, हे मी बायकोला हळूच विचारले. खारे सांगितले असताना कॅरॅमलचे का आणले, असे तिने मला त्याहून हळू विचारले. अणुबॉम्बची चाचणी मी कॅरॅमल खातच पाहिली. जगाच्या विनाशाविषयीचे एवढे चिंतन चालले असताना दातांत अडकलेले फोलपट जिभेने काढत बसावे लागणे दिग्दर्शकाला अभिप्रेत नसावे.

१३ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय चित्रपट दिनी अनेक ठिकाणी तिकीट ९९ रुपयांना होते. आम्ही तीन तिकिटे काढली आणि स्वस्ताईच्या आनंदात जे खाल्ले त्याचे बिल तिकिटांच्या तिप्पट झाले. डिसेंबरातल्या ‘अ‍ॅनिमल’ची लांबी ३ तास २१ मिनिटे असल्याचे कळल्यावर आत्याने तो चित्रपट हिंसक आहे की अश्लील याची चौकशीच केली नाही, एवढ्या वेळात दोनदा भूक लागते, म्हणून तिने तो नाकारला. राज कपूरच्या ‘संगम’ला दोन मध्यंतरे होती आणि दोन्ही मध्यंतरांत घरची पोळीभाजी खाल्ली होती, हेही तिने ऐकवले. मी एकटाच गेलो आणि ते मला फार जाचले नाही.

३१ डिसेंबरला बायको वर्षाचा हिशेब मिटवते. तिकिटे ‘करमणूक’ या सदरात गेली, पार्किंग ‘प्रवास’मध्ये गेले, पॉपकॉर्नपाशी पेन थांबले. किराण्यात ते बसेना, कारण त्याच पैशांत महिन्याची तूरडाळ आली असती. करमणुकीत घालायला आत्याची तयारी नव्हती. बऱ्याच खलानंतर मला विनाहेल्मेट झालेल्या ५०० रुपयांच्या खाली, ‘दंड’ या सदरात, ती सगळी रक्कम लिहिण्यात आली आणि एकूण बेरीज करण्याचे काम माझ्याकडे सोपवण्यात आले.