सहा इंचांखाली

बारा महिने फुललेली बाग करायची असं मी ठरवलं आणि कागदावर ती केलीसुद्धा. हिवाळ्यात पिटुनिया, उन्हाळ्यात ऑफिस टाइमची फुलं, पावसाळ्यात झेंडू, आणि मधल्या फटी बुजवायला गुलाब अन् जास्वंद. कागदाला लांबी-रुंदी असते, खोली नसते, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

पहिल्याच गुलाबासाठी कुदळ मारली आणि सहा इंचांवर 'ठण्ण' झालं. क्षणभर गुप्तधनाची आशा वाटली. निघाली अर्धी वीट. मग पाऊण. घर बांधून उरलेला राडारोडा पुरून त्यावर कुणीतरी माती पांघरली होती, गादीवरचा डाग चादरीखाली लपवावा तशी.

"सहा इंच काय कमी झाले?" म्हणत मी गुलाब तिथेच कोंबला. झेंडू आणि ऑफिस टाइम मजेत राहिले. त्यांची मुळं उथळ. एका हंगामाचा संसार तेवढ्यात भागतो. गुलाबाला मात्र वर्षानुवर्षं बिऱ्हाड करायचं असतं, त्याला दीड-दोन फूट माती हवी. माझी माती सकाळच्या पाण्यानंतर दुपारीच फुफाटा! गुलाबानं एक कळी काढली, आणि तीही न उघडता मान टाकून मोकळी झाली.

मग कड बांधून दीड फुटाचा उंच वाफा केला. तळाशी निचऱ्यासाठी म्हणून त्याच विटांचे तुकडे सहा इंच भरले. (फुकटचा माल वापरल्याचा आनंद काही औरच.) पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खड्यांत सहज उतरत नाही, माती गच्च भिजेपर्यंत वरच तटून बसतं. म्हणजे खोली गेली ती गेली, वर मुळंही ओलीचिंब. बायकोनं हे मला दोन वाक्यांत सांगितलं आणि हातात घमेलं दिलं.

विटा उपसल्या, माती-शेणखत-पालापाचोळा काठोकाठ भरला. काही महिन्यांत पालापाचोळा कुजला आणि दीड फुटाचा सव्वा फूट झाला. पुन्हा घमेलं.

आता गुलाब फुललाय. पाहुणे "वा!" म्हणतात, खत कुठलं विचारतात. मी बायकोची विणायची सुई मातीत खुपसून खोली दाखवायला लागतो. तिसऱ्या ठिकाणी सुई खुपसेपर्यंत पाहुणे घरात गेलेले असतात.