खुलासा : ‘डेथ व्हॅली डेज’ची लेखिका वाळवंटात गेली होती

‘डेथ व्हॅली डेज’ ही जुनी अमेरिकी मालिका म्हणजे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांची मालिका, आणि तिच्या कथा कुणा बाईने वाळवंट न पाहता न्यूयॉर्कमध्ये बसून रचल्या, असा मजकूर सध्या फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

मालिका रूथ वुडमन यांनी घडवली. त्या न्यूयॉर्कच्या जाहिरात संस्थेत लेखन करत. बोरॅक्स (टाकणखार) विकणाऱ्या पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीसाठी 1930 मध्ये त्यांनी हा रेडिओ कार्यक्रम सुरू केला. तेव्हा त्यांनी कॅलिफोर्नियातलं डेथ व्हॅली हे वाळवंट पाहिलेलं नव्हतं, एवढं मात्र खरं. पण कंपनीची अटच होती की लेखिकेने स्वतः तिथे जावं. त्या दरवर्षी जात राहिल्या. कंपनीतले जुने जाणकार वॉश केहिल त्यांना वाटा दाखवत. ओसाड पडलेली खाणगावं, म्हातारे खाणकामगार, दारूच्या गुत्त्यांवरच्या गप्पा, जुनी वर्तमानपत्रं... कथा तिथून आल्या. एकोणिसाव्या शतकात वीस जनावरं जुंपलेल्या गाड्यांतून बोरॅक्स डेथ व्हॅलीतून 165 मैलांवरच्या मोहावी या रेल्वेच्या गावापर्यंत कसा जाई, हेही त्यांनी असंच समजून घेतलं. इतकी पायपीट केलेल्या बाईला ‘घरबसल्या लिहिणारी’ म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं.

1952 मध्ये मालिका दूरचित्रवाणीवर आली, तेव्हाही सुरुवातीच्या वर्षांत लेखन वुडमन यांचंच होतं. निवेदक होते स्टॅन्ले अँड्र्यूज. रेगन निवेदनाला आले ते थेट 1964 मध्ये.