पुरात न वाहिलेलं दुकान

नमस्कार काका,

(जन्मसाल १९४४ असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका. चालेल ना?)

तुमची प्रतिक्रिया कडक आहे आणि ती मी होती तशी ठेवली आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पुण्यातल्या बंद पडलेल्या जुन्या दुकानांचा माग मी इथे काढतो. त्यात शनिवार पेठेतल्या चष्म्याच्या दुकानाबद्दल मी लिहिलं होतं, 'पानशेतच्या पुरात गेलं, परत उघडलंच नाही.' तुमचं म्हणणं, १९६८ साली तुमचा पहिला चष्मा तिथलाच. म्हणजे माझं सगळं लिखाण ऐकीव गप्पांवर उभं आहे, म्हाताऱ्यांच्या आठवणी हा काही पुरावा नव्हे, आणि खरी माहिती हवी असेल तर शॉप ॲक्टचं दफ्तर उघडावं. वर एक टोला असा की, माझं 'पुणं' सदाशिव-नारायण-शनिवारच्या बाहेर पाऊल टाकत नाही.

दुकान पुरात गेलं नव्हतं. चूक माझी, लेखात दुरुस्ती केली आहे.

ही चूक झाली कशी ते मात्र सांगायला हवं, कारण या कामात ती पुन्हा पुन्हा होते. पुण्यात काळ मोजायची दोनच मापं आहेत, पुराच्या आधी आणि पुरानंतर. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटली आणि नदीकाठच्या पेठांमधलं जे जे नंतर दिसेनासं झालं, ते लोकांनी त्या पाण्याच्या खात्यावर मांडून टाकलं. मला या दुकानाबद्दल तिघांनी सांगितलं होतं. तिघांनाही चिखलाने भरलेली काचेची कपाटं स्पष्ट आठवत होती. पुढच्या काही महिन्यांत कपाटं धुऊन दुकान पुन्हा सुरू झालं असणार, पण ते बघायला गर्दी कोण करतो? मोडलेलं लक्षात राहतं, उघडलेलं राहत नाही.

असाच एक सराफ. माझी मावशी ठामपणे सांगायची, 'पुराने सराफ बसला.' पण तिच्याच पाटल्या त्या दुकानातल्या, आणि तिची लग्नपत्रिका १९६२ ची! खोदून विचारल्यावर दुसरंच बाहेर आलं. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, नवे दागिने चौदा कॅरटच्या वर करायला बंदी झाली. चौदा कॅरटचं मंगळसूत्र कुठली सासू घेणार? कारागिरांच्या हातातलं काम गेलं, मग कारागीर गेले, आणि मागोमाग दुकान. मावशीच्या डोक्यात ही दोन वर्षं एकमेकांत मिसळून गेली होती. दुकानाची जागा, पायऱ्या, गादीवर बसलेल्या माणसाचा चेहरा, यातलं मात्र काहीच चुकलं नव्हतं.

म्हणून मी आता कुणाला 'कधी' विचारतच नाही. 'शेजारी काय होतं' विचारतो. एक पाठकोरा कागद द्यायचा आणि म्हणायचं, या चौकातून त्या चौकापर्यंत चालत जा, उजव्या हाताला काय काय लागतं ते सांगा. दुसऱ्या माणसाकडून तेच, पहिल्याचा कागद न दाखवता. दोन्ही कागदांवर शिंप्याच्या शेजारी पिठाची गिरणी आणि गिरणीच्या शेजारी बोळ आला, की ती रांग बहुतेक खरी असते. साल मात्र दोघांनीही सांगितलं तरी मी पेन्सिलीने लिहितो.

आता तुमचं शॉप ॲक्टचं दफ्तर. जरूर बघावं, पण तेही साधंसरळ बोलत नाही. दुकाने व संस्थांचा मुंबई राज्याचा कायदा १९४८ चा. त्याआधीपासून चालत आलेलं दुकान त्या कागदांत कायदा लागू झाल्यानंतरच अवतरणार. नोंद १९५० ची म्हणून दुकान १९५० चं म्हटलं, तर मालकाच्या आजोबांना आपण पुसून टाकलं! शिवाय नोंद मालकाच्या नावाने. पाटीवरचं नाव आणि लोकांच्या तोंडातलं नाव वेगळीच. त्याहून मागे जावं तर १८८५ चं गॅझेटियर आहे, पुणे जिल्ह्याचे तीन जाडजूड भाग. तांब्या-पितळेची भांडी, जर, काचेच्या बांगड्या, हस्तिदंती फण्या, कागद असे शहरातले धंदे त्यात तपशीलवार आहेत. धंदा सापडतो, दुकान सापडत नाही. (त्या मानाने देव बरे. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, सोन्या मारुती! शेजारचा बाजार उठला तरी यांनी त्याची पाटी गळ्यात अडकवून ठेवली आहे.)

माझा भर आहे तो घरोघरी पडून असलेल्या छापील चिटोऱ्यांवर. पावती, कापडी पिशवी, दागिन्याची डबी, दिवाळी अंकातली जाहिरात. त्यावर साल क्वचितच असतं, पण ते काढता येतं. आण्यांत किंमत छापली असेल तर चिटोरं बहुधा १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली त्याआधीचं, फार तर जुनी नाणी सोबत चालली त्या मधल्या काळातलं. तोंडी सांगितलेल्या आण्याला मात्र अर्थ नाही. माझी आजी शेवटपर्यंत पंचवीस पैशांना चार आणेच म्हणायची. 'न. पै.' (नवे पैसे) दिसले तर मी खूश होतो, कारण 'नवे' हे विशेषण १९६४ च्या जूनमध्ये गळालं. म्हणजे सात वर्षांची खिडकी आयती मिळाली. पत्त्यात 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या आधीचा मजकूर. आणि सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, त्याला अपवाद नाही. उलट बाजूने हे चालत नाही, एवढं लक्षात ठेवावं लागतं. पिन नाही म्हणजे जुनं असं नव्हे. हजार पिशव्या छापून घेतल्या असतील तर त्या संपेपर्यंत कुठला दुकानदार नव्या छापणार?

आता तुमच्याकडे येतो. तुम्ही पुरावा म्हणून चष्म्याच्या घराचा फोटो पाठवलात, त्याबद्दल खरंच आभार. मी तो मोठा करून पाहिला. झाकणाच्या आत सोनेरी अक्षरांत दुकानाचं नाव, पेठ, आणि खाली 'पुणे ४११०३०'.

काका, हे घर १९६८ चं नाही. त्या वेळी 'पुणे ३०' एवढंच लिहीत असत. हे १९७२ च्या ऑगस्टनंतरच छापलेलं आहे. तुमचा पहिला चष्मा १९६८ चा असेलही, मी नाही म्हणत नाही. हे घर कदाचित दुसऱ्या किंवा तिसऱ्या चष्म्याबरोबर आलं असेल. म्हणजे तुमच्या आठवणीपेक्षा तुमचा पुरावा जास्त बोलतोय. दुकान पुरातून वाचलंच, वर निदान अकरा वर्षं चाललं. माझी आठवण चुकली ती तुमच्या बाजूने चुकली, तुमची चुकली तीही तुमच्याच बाजूने. नशीब आहे बुवा!

पेठांबद्दलचा टोला मात्र बिनशर्त मान्य. मला माहिती देणाऱ्या बायका-पुरुष म्हणजे आईच्या मैत्रिणी आणि त्यांचे भाऊ, त्यामुळे रस्तेही त्यांचेच आले. बोहरी आळी, तांबट आळी आणि कॅम्प यांवर माझ्याकडे जवळजवळ काही नाही. कॅम्पात डोराबजी १८७८ चं, कयानी बेकरी १९५५ ची, हे कुणीही सांगेल. चालू दुकानाला माग काढणाऱ्याची गरज नसते. बंद पडलेल्यांसाठी मात्र तिथे वेगळा दरवाजा ठोठवावा लागतो, कारण ती हद्द महापालिकेची नाही, कॅन्टोन्मेंट बोर्डाची. दिवाळीनंतर तिकडे चकरा मारायचं ठरवलं आहे. तुमच्या ओळखीत मेन स्ट्रीटवर लहानाचं मोठं झालेलं कुणी असेल तर जरूर गाठ घालून द्या, पाठकोरे कागद माझ्याकडे भरपूर आहेत.

आणखी एक काम. फोटोत पत्त्याच्या खाली एक ओळ पुसट दिसते, ती टेलिफोन नंबरची वाटते. घर उजेडात तिरकं धरून बघाल का? आकडे वाचता आले नाहीत तरी हरकत नाही, किती आहेत तेवढे मोजून कळवा.