दारात लटकणाऱ्याचं आडनाव

मुंब्र्याच्या वळणावर माणसं मेली आणि दुपारपर्यंत टीव्हीवर चर्चा कशावर? त्यांच्या पाठीवरच्या सॅकवर! ९ जून २०२५. सकाळची ऐन गर्दीची वेळ. दोन गाड्या एकमेकींशेजारून जातात, दोन्हीकडच्या दारांत लटकणारे एकमेकांवर घासतात, धडाधड खाली पडतात. चौघं त्याच दिवशी गेले. त्यातला एक लोहमार्ग पोलिसातला शिपाई. दारात उभं राहू नका म्हणून ज्यांनी आपल्याला हटकायचं, त्यांच्यातलाच एक. यावरून तरी कळायला हवं होतं की आत पाय ठेवायला जागा नाही म्हणून लोक दारात असतात. पण नाही. सॅक!

संध्याकाळी सॅकसुद्धा मागे पडली आणि ‘बाहेरून येणारे लोंढे’ सुरू झालं. बातमीखालच्या कॉमेंटी तर विचारूच नका. मुंब्रा हे नाव दिसलं की काही लोकांच्या बोटांना वेगळीच खाज सुटते. अरे, एक गाडी कर्जतहून भरून आलेली, दुसरी सीएसएमटीहून कसाऱ्याला निघालेली. मुंब्र्याच्या माणसाने काय केलं? त्याचं स्टेशन जवळ होतं, हाच त्याचा गुन्हा.

अमेरिकेत म्हणे कातडीचा रंग बघून ठरतं, सबवेतला बिचारा प्रवासी कोण आणि उपद्रवी कोण. आपल्याकडे तेवढंही बघावं लागत नाही. आडनाव आणि स्टेशन पुरतं. डोंबिवलीचा जोशी लटकला तर बिचारा चाकरमानी, लेटमार्कच्या भीतीने जीव मुठीत धरून चाललाय. यादव लटकला तर लोंढा. शेख लटकला तर स्टंट. दार तेच, दांडा तोच, हाताला येणारा घामही तोच. स्टंट करणारी पोरं नाहीत असं कोण म्हणतंय? आहेत, आणि कानाखाली वाजवावी अशीच आहेत. पण त्यांचा एक व्हिडिओ दिवसभर फिरवायचा आणि त्याखाली रेल्वेतल्या मृत्यूंची बातमी वाचायची, हा काय हलकटपणा आहे? २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २,५९० माणसं मेली. रोजची सात. ही काय सगळी रील बनवत होती?

आणि हे काही आजचं नाही. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोडचा पूल. अरुंद जिना, अचानक आलेला पाऊस, वरून उतरणारे थांबलेले, खालून येणाऱ्यांचा रेटा. २३ जण गेले. नव्या रुंद पुलाला मंजुरी आधीच मिळालेली होती, काम मात्र कागदावर. आता यात जाब कुणाला विचारायचा हे शाळकरी पोरगंही सांगेल. पण महिना व्हायच्या आत राडा कुणाशी झाला? फेरीवाल्यांशी. आणि फेरीवाला म्हणजे भय्या, हे आधीच ठरलेलं. ठाणे, कल्याण, वसईत टोपल्या उधळल्या गेल्या, कॅमेरे त्यांच्यामागून धावले. स्टेशनबाहेर वाट अडते हे मलाही दिसतं, मीही रोज त्या टोपल्या ओलांडतो. पण पूल अरुंद ठेवला तो काय भाजीवाल्याने? फाईल त्याच्या टोपलीखाली दबली होती?

२०२० ला तर कहर झाला. १४ एप्रिल, लॉकडाऊन वाढल्याची घोषणा, आणि वांद्रे स्टेशनबाहेर गावी जायला आसुसलेल्या मजुरांची गर्दी. पोटाला नाही, खोलीत दहा-दहा जण, गाड्या सुटणार अशी बातमी कानावर आलेली. त्या बातमीवरून एका मराठी वाहिनीच्या वार्ताहराला अटकही झाली, मग जामीन मिळाला. आणि बाकीचे काही चॅनेल काय विचारत होते? गर्दी मशिदीजवळच का जमली! अहो, मशीद स्टेशनजवळ आहे म्हणून. गाडी पकडायला माणूस स्टेशनवर नाही तर काय नॅशनल पार्कात जाणार?

हे झालं आरोपी कुणाला करायचं त्याचं. बोलायला कुणाला द्यायचं, ती वेगळीच बोंब. गेल्या पावसाळ्यात दिवा स्टेशनात गाड्या ठप्प होत्या. प्लॅटफॉर्मवर कॅमेरावाले आले. माझ्याशेजारी दोन बायका होत्या, ठाण्याला घरकामाला जाणाऱ्या. त्यातली एक तावातावाने सांगत होती, की दुसऱ्यांदा खाडा झाला तर ताई दुसरी बाई ठेवेल, तिला काय, गाडी बंद होती हे ती ऐकून घेणारे का? अशी बातमी समोर चालून आलेली! वार्ताहर म्हणाला, “मावशी, जरा बाजूला होता का?” आणि गळ्यात ऑफिसचं आयकार्ड अडकवलेल्या एकाच्या तोंडापुढे बूम, म्हणजे माइक, धरला. तो काय बोलला? “रोजचंच आहे, पण मुंबईकर थांबत नाही.” घ्या! झाला बाईट.

तिथेच एक पोरगा होता, टाइल कापायचं मशीन पोत्यात गुंडाळून पायांत धरून उभा. हिंदी बोलणारा, विशीतला असेल. त्याला कुणी एक शब्द विचारला नाही. मग एक गाडी आली, हा कसाबसा दारात चढला, एक हात दांड्याला, दुसऱ्यात ते पोतं. कॅमेरा बरोबर तेव्हा त्याच्याकडे वळला. रात्री बातमीत आयकार्डवाला होता ‘प्रवाशांचा संताप’ म्हणून, आणि पोरगा होता ‘जीवघेणी स्टंटबाजी’ म्हणून. मावशी नव्हत्याच. पुढे कित्येक दिवस, गर्दीची कुठलीही बातमी असो, त्या पोराचं तेच दृश्य, लाल गोल काढून, बाण मारून. त्याला पत्ता तरी असेल का की तो राज्यभर बदनाम झालाय?

मी मराठी, आडनावाने सुरक्षित. माझ्या तोंडासमोर बूम येऊ शकतो, त्यामुळे मला खरं तर ओरडायची गरज नाही. पण राग येतो तो यासाठी की या उद्योगात रेल्वे अलगद सुटते. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या गाड्यांच्या जागी एसी लोकल घातल्या, कळवा-बदलापूरची माणसं चिडून उतरली, आणि मध्य रेल्वेला नव्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. मागणी साधी होती, आमची गाडी आम्हाला परत द्या. पण बातम्यांत ते ‘आंदोलकांमुळे प्रवाशांचे हाल’. म्हणजे कळव्याचा माणूस प्रवासी नाही? तो रुळावर हवा खायला आला होता?

उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सुनावलं, की माणसांना गुरांसारखं कोंबून नेता, याची लाज वाटते. दोन दिवस ब्रेकिंग न्यूज, मग पुन्हा लाल गोल आणि बाण.

ऐरोली-कळवा उन्नत रेल्वेमार्गाचं काय झालं हे एकदा तरी अर्धा तास लावून धरा ना. तो झाला तर कल्याणकडून नवी मुंबईला जाणाऱ्याला ठाण्यात उतरून चेंगरावं लागणार नाही, ठाण्याचा निम्मा जीव मोकळा होईल. त्यातलं दिघा स्टेशन २०२४ ला सुरू झालं, बाकीचं घोंगडं किती वर्षं भिजत पडलंय. कोण अडवतंय, जागा कुठे अडली, पैसा कुठे गेला, विचारा की त्या एसी केबिनमध्ये बसलेल्या साहेबाला. त्याच्या तोंडापुढे बूम धरा. आणि तो पाच मिनिटं बोलला तर मध्ये जाहिरात घेऊ नका.