साडेचौदा व्होल्टांचा ध्यास

गाडी चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक, हे मला कुणीतरी सांगितलं आणि माझं सुख संपलं. आता मल्टिमीटर घेऊन मी सकाळ-संध्याकाळ बॉनेटखाली वाकलेला असतो. "माझा ताप कधी इतक्यांदा मोजलास का?" असं आईने विचारलं. मी तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं. उजेड अडत होता.

रात्रभर उभ्या गाडीत 12.6 म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. माझं सगळं सुखदुःख या अर्ध्या व्होल्टाच्या आत. त्यातून इंजिन बंद केल्या केल्या मीटर 13 दाखवून खूश करतो. तो चार्ज प्लेटांच्या वरवरचा, काही तासांत ओसरतो.

खरा छळ शेवटच्या वीस टक्क्यांचा. रिकामी बॅटरी अधाशासारखी करंट ओढते, पण ऐंशीच्या पुढे गेली की शेवटच्या सहीसाठी अडलेल्या फायलीसारखी तासन्‌तास हलत नाही. इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारा अल्टरनेटर कितीही दणकट असो, ती तिच्याच चालीने घेणार. व्होल्टेज वाढवून जबरदस्ती करावी, तर आतल्या पाण्याचा वायू होऊन उडून जातो. आणि आपला रोजचा प्रवास केवढा? दहा मिनिटांचा, त्यातला निम्मा सिग्नलवर. कायम अर्धपोटी राहिलेल्या प्लेटांवर मग सल्फेट ठाण मांडतं.

एकदा धावत्या गाडीत 12.8 दिसले. अल्टरनेटर गेला, असं मी मेकॅनिकला शोकाकुल आवाजात कळवलं.

"साहेब, नवीन गाडी आहे. इंधन वाचवायला ती मुद्दाम व्होल्टेज पाडते. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचला, मग बघा."

उचलला. 14.8! वर म्हणे, वेग कमी होताना फुकट मिळणारी वीज साठवता यावी म्हणून ती बॅटरीत थोडी जागा रिकामीच ठेवते. म्हणजे मी जिवापाड भरायला धडपडतोय आणि गाडीच आतून फितूर! त्यानंतर काही दिवस मी नुसते उतार शोधत हिंडलो.

शेवटी चार्जर आणला आणि रात्रभर लावून ठेवला. सकाळी हिरवा दिवा. चार्जर काढला, दुपारपर्यंत कळ काढली आणि मीटर टेकवला: 12.7. सेल्फला दीडदोनशे अँपिअर लागले तरी ते सेकंद-दोन सेकंदच, हे मला ठाऊक आहे. तरीही बाजारात मी चालत गेलो.