धाक गेला म्हणून अभ्यास बुडाला, हे खरं नाही

दर वर्षी निकालाच्या सुमारास व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरायला लागतो. पालकांच्या गटात येतो, शिक्षकांच्या गटात येतो, नात्यातली मोठी माणसंही आवर्जून पाठवतात. त्याचा आशय असा: शिक्षण हक्क कायद्याने परीक्षा बंद केल्या आणि छडी काढून घेतली. काही केलं तरी वरच्या वर्गात जाणार, हे मुलांना कळलं. पूर्वी नापासाच्या धाकाने सगळे शिकत. आता ज्याला शिकायचंच नाही त्याला शिक्षक तरी काय करणार? शिक्षकाने शिकवावं, शिकण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची.

मी सहावी-सातवीला गणित शिकवते. हा संदेश पाठवणाऱ्यांना मुलांची काळजी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्या चुकीची किंमत वर्गात मागे बसणारी मुलं मोजतात.

‘परीक्षा बंद केल्या.’ कुणी बंद केल्या? 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या या कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवायला मनाई केली, बोर्डाची परीक्षा नको म्हटलं आणि त्याच वेळी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सक्तीचं केलं. महाराष्ट्रातल्या शाळांत आकारिक (शिकवता शिकवता होणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) मूल्यमापन तेव्हापासूनच सुरू आहे. ‘आता कुणी नापासच होत नाही’ हेही जुनं झालं. 2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने 2023 मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा परत आणली. त्यात नापास झालेल्याची पुनर्परीक्षा होते, तीही जमली नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. संदेश मात्र आहे तसाच फिरतो आहे.

‘पूर्वी सगळे शिकत.’ हे म्हणणारे कोण, तर जे शिकले ते. चौथीत दोनदा बसून शेवटी गुरं राखायला किंवा धाकटं भावंड सांभाळायला गेलेली मुलगी आज या गटांत नाही, म्हणून तिची आठवण कुणी सांगत नाही. गळती, म्हणजे मधूनच शाळा सुटणं, आणि स्थगन, म्हणजे त्याच वर्गात अडकून राहणं, हे शब्द शिक्षण खात्याच्या कागदांत कित्येक दशकं होते. 1964 ते 66 च्या कोठारी शिक्षण आयोगालाही त्यांवर लिहावं लागलं. बरं, धाक असताना वर्गात टिकलेल्या मुलांना तरी येत होतं का? ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेची ‘असर’ ही ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी 2005 पासून होते, म्हणजे कायद्याच्या आधीपासून. त्या पहिल्या वर्षांतही ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नव्हता. तेव्हा नापास होण्याची भीती होती आणि छडीही होती.

भीतीने काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. ज्याला येतं त्याच्याकडून भीती पाढे घोकून घेते, वही पूर्ण करून घेते. ज्याला येत नाही तो भीतीने गप्प बसायला शिकतो आणि गृहपाठ शेजारच्याचा उतरवतो. मूल रोज शाळेत येतं, वही भरलेली असते आणि सहा वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, त्यावर हळहळण्यासारखं मला काही दिसत नाही.

आता संदेशातलं खरं दुखणं: ‘ज्याला शिकायचंच नाही.’

सहावीत अपूर्णांक सुरू झाले की काही मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात. खोडरबर कुरतडतात, मागच्याशी बोलतात, पाण्याला म्हणून जातात ते परत येत नाहीत. शिक्षकखोलीत निदान तयार असतं: आळशी आहे, लक्ष नाही, घरी मोबाइल बघतो. अशा मुलाला जवळ बसवून एक साधी गोष्ट करावी. ५०२ मधून २७८ वजा करायला द्यावेत. बरीच मुलं ३७६ लिहितात, कारण ती प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक काढतात. हातच्याची वजाबाकी तिसरीतच निसटलेली असते. दशकाच्या जागी शून्य असेल तर शतक सुटा करावा लागतो, हे त्याने कधी काड्यांचे गठ्ठे सोडून पाहिलेलंच नसतं. या मुलापुढे आपण छेद समान करायची गणितं लिहितो आणि त्याला गोडी नाही म्हणतो. न कळणाऱ्या भाषेतलं कीर्तन रोज पाच तास ऐकायला बसवलं, तर मोठी माणसंही उठून जातील.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदरा महापालिकेच्या शाळांत बालसखी योजनेची मोजून तपासणी झाली. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं वस्तीतलीच एक दहावी झालेली ताई रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची आणि त्यांना जिथून येत नाही तिथून शिकवायची. मुलांचे गुण वाढले, सर्वाधिक फायदा सगळ्यात मागे असलेल्यांना झाला. ही तपासणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे 2019 मध्ये नोबेल मिळालं. मुलं तीच आणि त्यांची घरं तीच होती. नापासाची नवी भीती कुणी घातली नव्हती.

आणि ऊसतोड कामगारांची मुलं? दिवाळीच्या आसपास बीडहून आईवडिलांच्या कोयत्याबरोबर ऊसतोडीला जातात, गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. त्यांच्या निम्म्या वर्षाला अनास्था म्हणणं अन्याय आहे.

राहिली जबाबदारी. ती मुलाची आहेच, मी ती काढून घेत नाही. ज्याला वजाबाकी उमगली आहे त्याने दहा उदाहरणं स्वतः सोडवून, स्वतः तपासून आणावीत, हा माझा हट्ट असतो, आणि मुलं आणतात. पण कुठे अडलं आहे हे शोधायची जबाबदारी नऊ वर्षांच्या मुलावर टाकता येत नाही. कायद्याचं कलम 24 ती स्पष्टपणे शिक्षकावर टाकतं: प्रत्येक मुलाची क्षमता तपासायची आणि लागेल ते जादा शिकवायचं. आपण ‘नापास करू नका’ एवढंच उचललं आणि हे दुसरं सोडून दिलं. मूल्यमापनाच्या नोंदी कागदावर रंगल्या, मुलं ढकलपास झाली. त्यात शिक्षकांची चूक आहे. मतदारयाद्यांची कामं, ऑनलाइन माहित्या आणि एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग देणाऱ्या व्यवस्थेची त्याहून मोठी आहे. शिक्षकांनी संतापायचंच असेल तर त्या व्यवस्थेवर संतापावं, मुलांवर नाही.

पाचवी-आठवीची परीक्षा परत आली आहे, तर तिचा उपयोग करून घेऊया. नापास झालेल्या मुलाची पुनर्परीक्षा निकालानंतर दोन महिन्यांच्या आत होते, आणि मधला बराचसा काळ उन्हाळ्याच्या सुट्टीचा असतो. त्या काळात त्याला कोण शिकवणार, कुठे, आणि कोणत्या इयत्तेपासून सुरुवात करणार? शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून अधिक सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत हा प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.