थरच्या रस्त्यावर दोघंच

जैसलमेरला निघालेल्या प्रत्येक जोडप्याला मला कळकळीने सांगावंसं वाटतं, की सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर तंबूत एक रात्र काढून आणि उंटावर फोटो काढून परत फिरू नका. गाडी घ्या आणि रामगढ, तनोट, लोंगेवाला असा सीमेकडचा फेरा मारा. मग एक सकाळ माळढोक पक्षी दिसतो त्या सुदासरीसाठी ठेवा, एक खडीनांसाठी, म्हणजे पावसाचं पाणी अडवून केलेल्या शेतांसाठी. ड्रायव्हर शक्यतो नको, दोघांनी आळीपाळीने चालवा.

ड्रायव्हर का नको, तेही सांगते. रामगढ मागे पडलं की रस्ता सरळसोट होतो, समोरून गाडी येते ती बऱ्याच वेळाने, मोबाइलची रेंज जाते. सुरुवातीला आमचं बोलणं घरचंच चालू होतं, हप्ते, आईंची औषधं, राहिलेली कामं. मग ते आपोआप संपलं. नवरा चालवत होता आणि मी रस्त्यावर सरकून आलेली वाळू बघून ‘हळू घे’ म्हणत होते. मध्येच त्याला चिंकारा दिसला, त्याने गाडी थांबवली आणि आम्ही काही न बोलता किती तरी वेळ बघत बसलो. घरी आम्ही दोघं गप्प असलो की कोणीतरी चिडलेलं असतं. इथे तसं काही नव्हतं. तिसरं माणूस गाडीत असतं तर हे झालं नसतं, याची मला खात्री आहे.

लोंगेवालाबद्दल आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण त्या उघड्या जमिनीवर उभं राहिल्याशिवाय ४ डिसेंबर १९७१ची रात्र कळत नाही. ‘२३ पंजाब’ या पलटणीची एक कंपनी, सुमारे १२० जवान, समोर पाकिस्तानचे रणगाडे. जैसलमेरच्या हवाई दलाच्या हंटर विमानांना अंधारात मारा करता येत नव्हता, म्हणून उजाडेपर्यंत टिकून राहायचं होतं. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांचे जवान टिकले. तनोटच्या देवळात न फुटलेले बॉम्ब ठेवले आहेत आणि देवळाची देखभाल बीएसएफचे जवान करतात. त्यापुढे सीमेवर जायचं असेल तर परवानगी लागते, ती आधीच काढून ठेवा.

पण मला खरं सांगायचंय ते पाण्याबद्दल. इथे वर्षाला सरासरी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो, कधी त्याहूनही कमी. तरी जानेवारीत खडीनात उभं राहिलं की चहूकडे गहू आणि हरभरा! खडकाळ उतारावरचं पावसाचं पाणी जिथे उतरतं, त्या सखल जागी मातीचा लांबच लांब बांध घालतात. पाणी साचतं, मुरतं आणि त्या ओलीवर रब्बीचं पीक निघतं. हे तंत्र पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी इथे रुजवलं असं मानतात. त्यांनी सोडून दिलेलं कुलधरा गाव पाहायला आज पर्यटक जातात ते भुताच्या गोष्टी ऐकायला, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. भुतांसाठी वेळ काढता, तर त्यांच्या शेतीसाठीही काढा.

रामगढकडे बेऱ्या आहेत, त्याही बघा. काही ठिकाणी वाळूखाली जिप्समचा थर असतो. तो पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. त्या थराच्या वर साठलेल्या ओलीपर्यंत अरुंद विहीर खणली की तिच्यात गोडं पाणी झिरपत येतं. इतका बारीक विचार करून माणसं जिथे राहिली, त्या मुलखाला आपण ओसाड कसं म्हणतो?

आणि ओसाड म्हटलं की पुढचं सोपं होतं. देगराय मातेच्या ओरणात गेलात तर कळेल. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, तिथे झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत. खेजडी म्हणजे आपली शमी, बोरं, केर नावाची काटेरी झुडपं, आणि त्यांत चरणारे उंट, मेंढ्या. यातली बरीच जमीन सरकारी दफ्तरात पडीक म्हणून लागलेली आहे. त्यामुळे सौर आणि पवन प्रकल्पांची नजर आधी तिच्यावर जाते, मागोमाग उच्च दाबाच्या तारा येतात. त्या तारांना धडकून माळढोक मरतात. पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी. डोळे बाजूला असल्याने समोरचं नीट दिसत नाही, आणि दिसलं तरी इतकं जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. आज जगात दीडशेच्या आतच उरलेत, आणि त्यातले बहुतेक इथेच.

सुदासरीला आम्हाला तो दिसला. गवतात मान ताठ करून सावकाश चालत होता. नवऱ्याने स्वतः क्षणभर बघितलं आणि लगेच दुर्बीण माझ्या हातात दिली. नंतर किती वेळ मी ती परत दिलीच नाही, आणि त्यानेही मागितली नाही.

सौरऊर्जेला माझा विरोध नाही, ती हवीच. पण ओरणात आणि माळढोकाच्या वाटेवर नको. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला होता, २०२४च्या मार्चमध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राजस्थानातल्या अशा देवरानांची मोजणी करायला सांगितलं. ही मोजणी आणि नोंद पूर्ण होईपर्यंत त्यातली एक इंचही जागा कोणत्याही प्रकल्पाला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. टाकी जैसलमेरलाच भरून घ्या, स्टेपनीतली हवा तपासा, पाणी लागेल त्याच्या दुप्पट ठेवा. अंधार पडल्यावर चालवू नका, गाई आणि उंट रस्त्यावरच बसलेले असतात. डांबर सोडून वाळूत गाडी घालू नका. ओरणापाशी गाडी बाहेरच लावा, गुरं राखणारं कोणी दिसलं तर आधी विचारा आणि मग पायी आत जा.